तीन दगडांचं घर

इथं जरा सावकाश चाला. समोर सगळा सपाट माळ दिसतो, पण गवतात जागोजागी बिळं आहेत, आणि मागल्या वर्षी एका पाहुण्याचा पाय त्यातल्याच एका बिळात जाऊन चांगला मुरगळला होता. ही बिळं खोकडाची. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे, हे आधीच सांगतो, कारण शहरातून आलेला प्रत्येक जण तिथंच चुकतो. खोकड कोल्ह्याहून बरंच लहान, मांजरापेक्षा थोडं मोठं, आणि शेपटीचं टोक काळं. आमच्या खोरवड गावात त्याच्या बिळावर कुणी दगड ठेवत नाही, माती लोटत नाही. पावसाच्या गाळानं एखाद्या बिळाचं तोंड बुजलं, तर माघात बायका खुरपी घेऊन येतात आणि ते मोकळं करून जातात. पलीकडे, बाभळीच्या डाव्या अंगाला, तीन काळे दगड मांडलेले दिसताहेत ना? ती चूल आहे. तिच्यावर छप्पर नाही, दगडांना शेंदूर नाही, शेजारी झेंडा नाही. आम्ही तिला घर म्हणतो.

उघड्या माळावरच्या तीन दगडांना घर का म्हणायचं, हे विचारल्याशिवाय इथून कुणी जात नाही. तेव्हा बसा, पाणी प्या. गोष्ट फार लांब नाही, पण मला मध्येच तोडलेलं आवडत नाही.

गोष्ट गोऱ्यांच्या राज्यातली. नेमकं साल कुणालाच ठाऊक नाही. इथून तीन कोसांवर तेव्हा पलटणीची छावणी होती आणि तिथं हालम नावाचा एक साहेब आला, असं सांगतात. त्याचं खरं नाव काय होतं देव जाणे, आमच्या लोकांच्या तोंडी हालमच बसलं. या साहेबानं विलायतेहून शिकारी कुत्री आणवली होती. ती म्हणे सुटी मोजायची नाहीत, जोडीनंच मोजायची, आणि अशा वीस जोड्या होत्या. थंडी सुरू झाली की आठवड्यातून दोनदा साहेब आणि त्याचे सोबती लाल डगले घालून, घोड्यांवर बसून, ती चाळीस कुत्री पुढं सोडून या माळावर खोकडामागं धावत.

गावाला त्याचा अर्थच लागेना. खोकड उंदीर खातं, टोळ खातं, पिकली बोरं खातं. कुणाचं वासरू नेत नाही. त्याचं मांस कुणी खात नाही. त्या एवढ्याशा जनावरासाठी इतकी घोडी दमवायची, आणि एवढं करून मिळायचं काय, तर जो स्वार पहिला पोचेल त्याला शेपूट. बाकीचं कुत्र्यांना. गावातली माणसं बांधावर उभी राहून तोंडात बोट घालत.

पण त्या खेळालाही कायदे होते आणि ते कडक होते. खोकडावर बंदूक चालवायची नाही. साहेबाच्या मुलखात ज्यानं खोकडाला गोळी घातली, त्याला म्हणे चार माणसांत तोंड दाखवायची सोय उरत नसे. आणि दुसरा कायदा असा, की पळता पळता खोकड बिळात शिरलं, म्हणजे ते आपल्या घरात गेलं. घरात गेलेल्याच्या मागं लागायचं नाही. कुत्री आवरायची आणि परत फिरायचं. तुम्ही हसाल, पण ज्याला कायदा आहे त्याच्याशी निदान बोलता येतं, असं मला वाटतं.

आता यात एक मेख होती. बिळात शिरलं की शिकार संपते, म्हणून शिकारीच्या आधी सगळी बिळं बंद करून ठेवायची. साहेबाच्या मुलखात या कामाला खास माणसं असत. अंधार पडल्यावर खोकड भक्ष्य शोधायला बाहेर पडलं, की ती माणसं जाऊन बिळांची तोंडं बुजवत. पहाटे खोकड परत येई तर दार लागलेलं. मग दिवस उजाडल्यावर ते उघड्यावर सापडे आणि पळू लागे. इथं त्या कामाला साहेबाला माणूस हवा होता, आणि त्याच सुमाराला या बाभळीखाली नवशा पारध्याचा तळ पडला होता.

नवशाबरोबर सात बिऱ्हाडं होती. पारध्यांसाठी त्या काळी नियम असा होता, की कुठल्याही गावाच्या हद्दीत तीन दिवसांवर राहायचं नाही. तिसऱ्या दिवशी पालं उतरवायची आणि पुढचं गाव गाठायचं. हा नियम पाळून घेणं पाटलाच्या हाती असे. खोरवडचा तेव्हाचा पाटील रायाजी, माझ्या पणजोबांचा बाप. म्हणून त्याच्याविषयी मी राखून बोलेन असं समजू नका. माणूस वाईट नव्हता, पण वरच्याला खूश ठेवायचं आणि खालच्याला हलवत राहायचं, यालाच तो कारभार समजत होता.

नवशाची अडचण अशी, की त्याची बायको मथुरी नुकतीच वाटेत बाळंत झाली होती. लेक पाच दिवसांची होती. मथुरीच्या अंगात ताप होता, आणि तिसऱ्या दिवशी तिला चालवत नेलं तर ती पुढचं गाव बघणार नाही, हे सात बिऱ्हाडांत सगळ्यांना कळत होतं. नवशानं पाटलाचे पाय धरले. पाटील म्हणाला, नियम माझा नाही. मग नवशा साहेबाकडे गेला. साहेबाला आपली भाषा येत नव्हती. त्याला घोडी विकणारा गुलमीर नावाचा एक काबुली व्यापारी छावणीत होता, तो मध्ये बोलायचा. साहेबानं त्याच्या तोंडून सांगितलं, की परवा सकाळी मोठी शिकार आहे, बाहेरगावचे पाहुणे आहेत. त्याआधी माळावरची सगळी बिळं बंद कर. काम नीट झालं तर मी पाटलाला सांगेन, तुझी बायको बरी होईपर्यंत तुम्ही इथंच राहा.

साहेबानं बिळं बंद करायला सांगितली. कधी, हे सांगितलं नाही. त्याच्या मुलखात ते सांगावं लागत नसे.

आणि नवशानं विचारलं नाही, कारण त्याच्या लोकांत बीळ बंद करायची एकच वेळ होती. जनावर आत असतं ती. पारध्याची रीतच वेगळी. तो आधी जनावर धरतो, मग हातात घेऊन बघतो. मादी गाभण असली, दूध पाजणारी असली, पिलू असलं, तर सोडून देतो. जे उरेल ते ठेवतो. साहेबाच्या लोकांची रीत याच्या नेमकी उलटी. ते आधी जनावराला मोकळं पळू देत आणि मग मारत. एकाच माळावर दोन मुलखांचे शिकारी उभे होते आणि आपला धंदा एकच आहे असं दोघांनाही वाटत होतं. त्यात कुणाची चूक होती, हे मला विचाराल तर मी कुणाचंच नाव घेणार नाही.

आदल्या दिवशी दुपारी, उन्हानं खोकडं आत निजलेली असताना, नवशानं आणि त्याच्या माणसांनी माळ पालथा घातला आणि एकूण एक बीळ बंद केलं. माती लोटली नाही, दगड आणि बोरीच्या फांद्या गच्च बसवल्या, म्हणजे आत हवा जात राहील. त्यानं म्हणे मनात ठरवलं होतं, की उद्या साहेबासमोर एकेक बीळ उघडू, माद्या आणि पिलं सोडू, आणि एखादा चांगला नर साहेबाच्या हाती देऊ. काम जीव लावून केलं होतं. मथुरीचा जीव त्या कामावर टांगलेला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तशी शिकार निघाली. रायाजी पाटीलही आपल्या घोडीवर बसून साहेबाच्या मागं होता. निघण्याआधी त्यानं गावच्या राखणदारांना सांगून ठेवलं होतं, की आज पारध्यांचा तिसरा दिवस आहे, दुपारपर्यंत तळ उठवा. साहेबानं नवशाला काय कबूल केलंय, हे त्याला माहीत नव्हतं असं आमच्या घरात सांगतात. पारध्यांच्या वस्तीत मात्र वेगळं सांगतात. मी दोन्ही तुमच्यापुढं ठेवतो.

कुत्र्यांनी सगळा माळ हुंगला. एक खोकड उठेना. बाहेरगावचे पाहुणे जांभया देऊ लागले. साहेब आधी गोंधळला, मग संतापला, आणि त्यानं नवशाला पुढं बोलावलं. नवशा आनंदानं एका बिळापाशी गेला, हात दाखवला आणि म्हणाला, सगळी आत आहेत, एकही सुटलेलं नाही. गुलमीरनं ते साहेबाला सांगितलं. पाहुण्यांत हशा पिकला, आणि साहेबाचा चेहरा डगल्यासारखा लाल झाला.

मग त्या बिळाभोवती तीन मुलखांचा वाद झाला, असं सांगतात. गुलमीर म्हणाला, त्यात काय, धूर करा आणि बाहेर काढा. त्याच्या मुलखात बर्फ पडलं की खोकडं मारत ती कातड्यासाठी. डोंगरापलीकडचे लोक तर पाळलेला गरुड सोडून धरत. पळण्याबिळण्याला तिथं किंमत नव्हती, थंडी निवारली की झालं. पण बिळाच्या तोंडाशी पडलेले केस चिमटीत धरून तो हसला आणि म्हणाला, तुमच्या या उन्हातल्या खोकडाची टोपीसुद्धा व्हायची नाही. साहेब म्हणाला, धूर करणं हे कसायाचं काम आहे. दगड काढा, खोकडं बाहेर येऊ देत, पळू देत, कुत्री आपलं काम करतील.

तेवढ्यात नवशानं बिळाला कान लावला. आतून पिलांचा आवाज येत होता. साहेबाच्या मुलखात पिलं वसंतात होतात, इथं ती माघातच सुरू होतात, हे साहेबाला ठाऊक नव्हतं. उघडलं तर दूध पाजणाऱ्या माद्या चाळीस कुत्र्यांच्या तोंडी जाणार होत्या. न उघडलं तर आत तहानेनं मरणार होत्या. आणि साहेबानं सांगितल्याप्रमाणं न करावं, तर मथुरीला आजच उठवून चालवत न्यावं लागणार होतं.

नवशा दगडासमोर बसला आणि उठेना. साहेबानं चाबूक उगारला म्हणे. मारला नाही. नवशा गुलमीरला म्हणाला, साहेबांना विचारा, त्यांच्यात घरात गेलेल्याला सोडतात हे खरं का? साहेब म्हणाला, खरं, पण पळून गेलेल्याला. ही पळालेली नाहीत, तू त्यांना कोंडलं आहेस. कायदा पळण्याचा आहे.

नवशा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मंग त्यांच्या वाटचं मी पळतो."

त्यानं आपली घोंगडी पाण्यात भिजवली. पाच-सहा बिळांच्या तोंडची माती आणि लेंडं तिच्यावर चोळली, आणि तिला दोर बांधून तो कमरेला अडकवला. कुत्री माणसामागं नाही धावली, तरी या वासामागं धावतील, हे त्याला माहीत होतं. साहेबालाही माहीत होतं, कारण त्याच्या मुलखात कुत्र्यांची लहान पिलं अशीच वासाच्या चिंधीमागं पळवून तयार करतात. नवशाचं बोलणं एवढंच होतं, की मी दिवसभर तुमच्या पाहुण्यांना धावायला लावतो. मी पळत असताना आमच्या बायका बिळं उघडतील. कुत्र्यांनी मला वाटेत गाठलं तर माझं नशीब. पण मी माझ्या घरात शिरलो, तर तुमच्या कायद्यानं शिकार संपली. मग मला आणि यांना कुणी हात लावायचा नाही.

गुलमीरनं हे साहेबाला सांगताना दोनदा थांबून नवशाकडे बघितलं. साहेबानं बराच विचार केला. पाहुणे ऐकत होते, आणि स्वतःच्याच कायद्याला नाही म्हणणं त्याला जमेना. त्यानं मान हलवली.

नवशा निघाला. हातभर सावली सरकेपर्यंत कुत्री धरून ठेवली, मग सोडली. माळाच्या उगवतीकडून तो ओढ्यात उतरला, ओढ्याच्या वाळूतून काळ्या खडकापर्यंत गेला, तिथून कुसळी गवतातून मोठा वळसा घेऊन पुन्हा या बाभळीच्या रोखानं आला. अडीच कोस तरी होतील. ओली घोंगडी मागं ओढत, अनवाणी. बोरीचे काटे, सराटे, उन्हानं तापलेला मुरूम. मागून चाळीस कुत्र्यांचा एकच आवाज येत होता, आणि त्या आवाजामागं घोड्यांच्या टापा. इकडे पारध्यांच्या बायका बिळामागून बीळ उघडत होत्या. दगड निघाला की खोकडं आधी नाक बाहेर काढत आणि मग पिलं तोंडात धरून दूरच्या बिळात नेऊन ठेवत. बायका बघायला थांबत नव्हत्या, पुढच्या दगडाला हात घालत होत्या.

शेवटच्या चढाला कुत्री नवशाच्या टाचेशी आली होती. तो चढ चढून वर आला आणि थबकला.

समोर पालं नव्हती.

बायका बिळांवर गेल्या होत्या, पुरुष धाव बघायला गेले होते, आणि राखणदारांनी पाटलाच्या हुकुमाप्रमाणं दुपारच्या आत तळ उठवला होता. सात बिऱ्हाडांच्या काठ्या, फाटकी गोणपाटं, मडकी, सगळं एका बाजूला ढीग करून ठेवलं होतं. फक्त मथुरी जागची हलली नव्हती. चूल अजून ऊन आहे, ती विझेपर्यंत मी उठणार नाही, असं तिनं राखणदारांना सांगितलं होतं, आणि बाळंतिणीला हात लावायची त्यांची छाती झाली नव्हती. उघड्या उन्हात, तीन दगडांपाशी, लेकीवर पदर धरून ती बसली होती.

 ज्या माणसानं घर गाठण्यावर पैज लावली, त्याचं घर त्याच वेळी कुणीतरी मोडत होतं, आणि मोडणाऱ्याचं आडनाव मी लावतो.

नवशा चुलीपर्यंत गेला. दोर तोडला, घोंगडी पायाखाली घेतली आणि बायको-पोरीच्या पुढं उभा राहिला. कुत्र्यांनी रिंगण धरलं. साहेबाच्या माणसांनी चाबूक वाजवून त्यांना कसंबसं थोपवलं. साहेब आला, पाहुणे आले, पाटील आला. साहेबानं चहूकडे बघितलं आणि गुलमीरकरवी विचारलं, याचं घर कुठं आहे?

नवशाला धाप लागली होती. तो तीन दगडांकडे हात करून म्हणाला, "सायेब, खोकडाचं घर तुमी वळकता. हे माझं."

कुणी हसलं नाही. साहेब घोड्यावरून उतरला. खोकडाच्या बिळाला भिंत नसते, छप्पर नसतं, तरी त्याला त्याच्या मुलखातला कायदा घर म्हणतो, हे त्याला कळत होतं. पण माणसाचं घर कशाला म्हणायचं, हे ठरवणारा तो परका माणूस. हद्द गावाची होती. म्हणून तो पाटलाकडे वळला आणि त्यानं गुलमीरकरवी विचारलं, हे याचं घर आहे काय? नाही म्हणालास तर शिकार अजून चालू आहे.

रायाजी पाटील घोडीवर बसून होता. त्याच्यापुढं साहेब, मागं गाव, आणि समोर ती बाई. होय म्हणावं, तर तीन दिवसांचा नियम मोडतो, आणि चारचौघांत एकदा बोललेला शब्द मागं घेता येत नाही. नाही म्हणावं, तर कुत्री सुटतात. सांगतात की तो फार वेळ थांबला.  मथुरीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती चुलीतली राख सारत होती.

मग तो घोडीवरून खाली उतरला आणि म्हणाला, "व्हय सायेब. त्याचंच घर हाय."

साहेबानं टोपी काढली आणि कुत्री परत वळवली. त्यानंतर या माळावर शिकार झाली नाही. संध्याकाळच्या आत राखणदारांनीच सातही पालं परत उभी केली. मथुरी जगली. तिच्या त्या लेकीचा वंश पलीकडच्या वस्तीत आहे, आता एकतीस घरं आहेत. ही जागा तुमच्या नावानं लिहून देतो, असं साहेब जाताना म्हणाला होता. पण पुढल्या पावसाळ्यात त्याची बदली झाली आणि कागद काही आला नाही. तो अजून आलेला नाही. मी स्वतः चार वेळा अर्ज केलेत. त्या जागेपुढं सातबाऱ्यावर आजही पड असंच लिहिलेलं आहे.

कागद नाही, म्हणून शब्द ताजा ठेवावा लागतो. आजही दर माघात वस्तीतला एक जण ओली घोंगडी ओढत अडीच कोस धावतो, बायका बिळं मोकळी करतात, आणि धावणारा येऊन त्या दगडांपाशी उभा राहतो. मग वस्तीतली सगळ्यांत वयस्कर बाई गावादेखत विचारते, "पाटील, हे घर कुणाचं?" आधी उत्तर माझे वडील देत, गेली सव्वीस वर्षं मी देतो. रायाजीचंच तीन शब्दांचं उत्तर आहे, त्याचंच घर हाय, आणि सगळ्यांना ते पाठ आहे. तरी ती बाई विचारते आणि मी तोंड उघडतो, यांच्यामध्ये क्षणभर एकतीस घरांतली माणसं श्वास धरून उभी असतात. इतकी वर्षं झाली, पण त्यांना अजून खात्री नाही. म्हणून मी ते मोठ्यानं सांगतो, पार मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं.